पाहुण्यांचा आलेख

रुग्णालयात खाटेच्या पायथ्याशी तापाचा तक्ता लावलेला असतो. फेरीवर आलेले डॉक्टर आजचा आकडा बघतातच, पण त्यांची नजर आधी मागे जाते. काल ताप किती होता, परवा किती होता, तो रोज संध्याकाळी चढतो की दिवसाआड, औषध कधी सुरू केले आणि त्यानंतर रेघ कुठे वळली? १०१ हा एकटा आकडा फारसे काही सांगत नाही. तो चढताना आलेला १०१ आहे की उतरताना आलेला, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

एखाद्या देशात येणाऱ्या पर्यटकांच्या संख्येचेही असेच आहे. ‘यंदा पर्यटक इतक्या टक्क्यांनी वाढले’ अशी बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो. त्या टक्केवारीमागे पन्नास-साठ वर्षांची रेघ असते, ती बातमीत मावत नाही. आज अशी एक लांब रेघ समोर ठेवून ती वाचायची कशी, ते पाहू. उदाहरण अगदी शेजारचे आहे : श्रीलंका.

देशाचे नाव सिलोन होते तेव्हाच, १९६६ मध्ये, तिथे पर्यटन मंडळ स्थापन झाले. तेव्हापासूनचे वर्षागणिक आकडे उपलब्ध आहेत. बेट असल्याने मोजणीही तुलनेने सोपी. बहुतेक परदेशी पाहुणे कोलंबोजवळच्या कटुनायके विमानतळावरच उतरतात. किमान एक रात्र मुक्काम करणारा, वर्षभरापेक्षा कमी राहणारा आणि त्या देशात नोकरी धरण्यासाठी न आलेला तो पर्यटक, अशी ढोबळमानाने आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे.

तीन तुकड्यांची रेघ

१९६६ मध्ये श्रीलंकेत १८,९६९ पर्यटक आले. १९८२ मध्ये आले ४,०७,२३०. सोळा वर्षांत एकवीस पटींहून अधिक वाढ! वार्षिक सरासरी काढली तर ती सुमारे २१ टक्के येते. म्हणजे दर साडेतीन-पावणेचार वर्षांनी संख्या दुप्पट होत होती. जेट विमानांमुळे युरोप जवळ आला होता, पश्चिम युरोपातील पर्यटन कंपन्या अख्खी विमाने भाड्याने घेऊन हिवाळ्यात लोकांना उन्हात आणत होत्या आणि १९७७ नंतर श्रीलंकेने आपली अर्थव्यवस्थाही खुली केली होती.

मग जुलै १९८३ उजाडला. कोलंबोत आणि इतरत्र तमिळांविरुद्ध भीषण दंगली झाल्या आणि देश यादवी युद्धात ओढला गेला. पर्यटकांची संख्या दरवर्षी घसरत १९८७ मध्ये १,८२,६२० वर आली आणि तिथेच तीन वर्षे रेंगाळली. नंतर ती सावरली, पुन्हा पडली, पुन्हा सावरली. मे २००९ मध्ये युद्ध संपले, त्या वर्षीचा आकडा होता ४,४७,८९०. १९८२ शी तुलना केली तर सत्तावीस वर्षांत जेमतेम १० टक्के वाढ.

त्यानंतरची नऊ वर्षे पुन्हा निराळी. २०१२ मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडला गेला, २०१६ मध्ये वीस लाखांचा, आणि २०१८ मध्ये संख्या पोहोचली २३,३३,७९६ वर. नऊ वर्षांत पाचपट. वार्षिक सरासरी सुमारे २० टक्के.

आता कोणी १९६६ ते २०१८ अशी सगळी बावन्न वर्षे एकत्र धरून सरासरी काढली, तर ती वर्षाला पावणेदहा टक्क्यांच्या आसपास येईल. गणित बरोबर आहे, पण हा दर वरच्या तीनपैकी एकाही तुकड्याला लागू पडत नाही. चार दिवस १०४ ताप आणि चार दिवस ९७ असलेल्या रुग्णाची सरासरी काढून ‘थोडी कणकण आहे’ म्हणण्यासारखेच ते आहे.

कागद बदलला की चित्र बदलते

हे आकडे शाळेतल्या साध्या आलेख-कागदावर मांडले, तर डावीकडची पहिली चढण एखाद्या बुटक्या टेकाडासारखी दिसते आणि २००९ नंतरची चढण कड्यासारखी. पाहणाऱ्याला वाटते, खरी वाढ काय ती युद्धानंतरच झाली.

शास्त्रज्ञ अशा वेळी दुसरा कागद वापरतात. त्यावर उभ्या अक्षावरची सारखी अंतरे सारख्या बेरजा दाखवत नाहीत, सारख्या पटी दाखवतात. १० हजारांपासून १ लाखापर्यंत जेवढी उंची, तेवढीच १ लाखापासून १० लाखांपर्यंत. याला लॉगरिदमिक मोजपट्टी म्हणतात. जिवाणूंची वाढ किंवा साथीचा फैलाव याच मोजपट्टीवर पाहतात. करोनाच्या काळात वर्तमानपत्रांतूनही असे आलेख छापून येत होते.

या कागदावर श्रीलंकेची रेघ काढली की १९६६ ते १९८२ आणि २००९ ते २०१८ या दोन चढणी जवळजवळ समांतर दिसतात. मधे सत्तावीस वर्षांचे खडबडीत पठार. म्हणजे बेटाची पर्यटक खेचण्याची ताकद पहिल्यापासूनच होती. ती युद्धाने अडवून धरली आणि अडसर निघताच रेघ जुन्याच वेगाने वर निघाली.

वाढ कधी मंदावते?

पण वेग तसाच राहत नाही. १९७९ मध्ये पर्यटक आदल्या वर्षीपेक्षा ३० टक्क्यांनी वाढले होते. पुढच्या वर्षी २९, मग १५ आणि १९८२ मध्ये १० टक्के. लक्षात घ्या, हे सगळे जुलै १९८३ च्या आधीचे आहे. दंगलींपूर्वीच चढण वाकू लागली होती.

दुसऱ्या चढणीतही तेच दिसते. २०१० मध्ये ४६ टक्के वाढ झाली, २०१४ मध्ये २०, २०१५ मध्ये १८, २०१६ मध्ये १४ आणि २०१७ मध्ये अवघी ३ टक्के. २०१७ ला काही खास कारणे होती. वर्षाच्या सुरुवातीचे तीन महिने धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी कटुनायके विमानतळ दिवसा बंद ठेवावा लागला. त्याच वर्षी डेंग्यूची त्या देशातली तोवरची सर्वात मोठी साथ आली आणि १ लाख ८६ हजारांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. २०१८ मध्ये वाढ पुन्हा १० टक्क्यांवर आली. तरीही एकूण कल मंदावण्याचाच होता.

असे का होते, याचे गणित जुने आहे. बेल्जियमचे गणितज्ञ पिएर-फ्रान्स्वा व्हरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये लोकसंख्यावाढीचे एक समीकरण मांडले. सुरुवातीला जितके जास्त तितकी जास्त भर पडते, म्हणून वाढ वेगाने होते. पण जागा, अन्न, पाणी यांची मर्यादा जवळ येऊ लागली की वेग कमी कमी होत जातो. हा आलेख इंग्रजी ‘एस’ अक्षर ताणून तिरके केल्यासारखा दिसतो. भांड्यातले विरजण असो की गावातली साथ, दोन्हींची सुरुवात आणि शेवट साधारण असाच असतो.

१९८० मध्ये भूगोलतज्ज्ञ रिचर्ड बटलर यांनी हीच कल्पना पर्यटनस्थळांना लावली. आधी तुरळक भटके येतात. मग गावकरी खोल्या भाड्याने देऊ लागतात. मग मोठी हॉटेले, जाहिराती, बाहेरचे भांडवल येते. पुढे वाढ मंदावते, ठिकाण साचते आणि शेवटी दोन वाटा उरतात : ते हळूहळू उतरणीला लागते किंवा नवे काही शोधून पुन्हा उभारी धरते. आपल्यापैकी अनेकांनी एखादे आवडते किनारपट्टीचे गाव या पायऱ्या चढताना डोळ्यांनी पाहिले असेल.

मर्यादा मानायची नसेल तर काय होते, याचा एक हिशेब करून पाहू. १९८२ पर्यंतचा २१ टक्क्यांचा दर पुढेही तसाच राहिला असता, तर २०१८ मध्ये श्रीलंकेत ४० कोटींच्या आसपास पर्यटक यायला हवे होते. त्या देशाची स्वतःची लोकसंख्याच सव्वादोन कोटींच्या आत-बाहेर आहे. तेव्हा ‘गेली पाच वर्षे वाढ अमुक टक्के, म्हणून पुढची दहा वर्षेही तेवढीच’ असे कोणी सांगितले, की हा ४० कोटींचा आकडा आठवावा.

मात्र वाढ मंदावणे आणि संख्या पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आलेख वाकतो तो मर्यादेमुळे. तो मोडतो तो बाहेरून आलेल्या आघाताने.

आघात किती दिवस पुरतो?

श्रीलंकेच्या रेघेवर असे आघात इतके आहेत, की त्यांची तुलना करता येते.

एप्रिल १९७१ मध्ये तरुणांचा सशस्त्र उठाव झाला. आदल्या वर्षी ४६,२४७ पर्यटक आले होते, त्या वर्षी ३९,६५४ आले. उठाव काही आठवड्यांत मोडून काढला गेला. पुढच्याच वर्षी संख्या ५६,०४७ झाली. जखम एका वर्षात भरली.

जुलै २००१ मध्ये विमानतळावरच हल्ला झाला, विमाने जळाली. वर्षाची संख्या चार लाखांवरून ३,३६,७९४ वर आली. पण फेब्रुवारी २००२ मध्ये युद्धबंदी झाली आणि २००३ मध्ये पाच लाखांचा टप्पा प्रथमच ओलांडला गेला. दोन वर्षे लागली.

१९८३ ची गोष्ट वेगळी. तिथे एक घटना होऊन थांबली नाही, युद्ध चालूच राहिले. १९८२ चा आकडा पुन्हा गाठायला १९९४ साल उजाडावे लागले आणि तेव्हाही तो मागे टाकला तो फक्त २८१ पर्यटकांनी. बारा वर्षे.

त्सुनामीचे उदाहरण आणखी निराळे आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्या सकाळी श्रीलंकेत ३० हजारांहून अधिक माणसे गेली, दक्षिण आणि पूर्व किनारा उद्ध्वस्त झाला. तरी २००५ ची पर्यटकसंख्या केवळ ३ टक्क्यांनी कमी दिसते. किनाऱ्यावरची हॉटेले तर रिकामी होती. मग आले कोण? त्या वर्षी आलेल्यांत मदतकार्यासाठी आलेले परदेशी लोकही होते. आकडा खोटा नव्हता, तो वेगळ्याच गोष्टीचा होता. तपासणीचा अहवाल हाती आल्यावर चांगला डॉक्टर आधी विचारतो, नमुना कशाचा आणि कधी घेतला? तो प्रश्न इथेही विचारायला हवा.

या उदाहरणांतून एक गोष्ट ठळकपणे दिसते. आघात किती भयंकर होता, यापेक्षा तो संपला की चालू राहिला, यावर सावरण्याचा काळ ठरतो. माणसे वाईट बातमी विसरतात, पण ती पुन्हा पुन्हा येऊ लागली तर दुसऱ्या देशाचे तिकीट काढतात.

चक्र की नुसती लाट?

भरती, ओहोटी, पुन्हा भरती. असा आलेख पाहिला की ‘इतक्या वर्षांनी तेजी येतेच’ असे म्हणण्याचा मोह होतो. १९८२, २००४, २०१८ ही शिखरे घ्या. पहिल्या दोहोंत बावीस वर्षांचे अंतर आहे, नंतरच्या दोहोंत चौदा. चंद्रामुळे येणाऱ्या भरतीला वेळापत्रक असते, या भरतीला नाही.

रशियन अर्थशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ येवगेनी स्लुट्स्की यांनी १९२७ मध्ये एक प्रयोग केला. त्यांनी सरकारी लॉटरीच्या सोडतीतले आकडे घेतले. त्यांत कसलाही क्रम असण्याचे कारण नव्हते. मग लागोपाठच्या दहा-दहा आकड्यांच्या बेरजा करत ते पुढे सरकत गेले आणि त्या बेरजांचा आलेख काढला. त्यात व्यापारातल्या तेजी-मंदीसारख्या हुबेहूब लाटा उमटल्या! कुठलेही चक्र नसताना चक्राचा भास झाला. कारण एवढेच, की प्रत्येक आकड्याचा परिणाम पुढच्या अनेक बेरजांवर रेंगाळत होता.

पर्यटनातही आघात रेंगाळतात. भीती दोन-तीन वर्षे टिकते. विमान कंपनीने बंद केलेली फेरी लगेच सुरू होत नाही. तेजीत बांधायला घेतलेले हॉटेल पूर्ण होते तेव्हा मंदी आलेली असते. म्हणून लाटा दिसतात. पुढची लाट कधी येणार, हे त्यांवरून सांगता येत नाही.

खरे वेळापत्रक आहे ते वर्षाच्या आतले. आपल्याकडे कोकण-गोव्याला भिजवणारा नैर्ऋत्य मोसमी पाऊस श्रीलंकेच्या पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यालाही भिजवतो. म्हणून तिकडचा हंगाम डिसेंबर ते मार्च. पूर्व किनाऱ्यावर पाऊस हिवाळ्यात, त्यामुळे त्रिंकोमालीचा हंगाम मे ते सप्टेंबर. मे महिना एकंदरीत थंडच, त्याला थोडा आधार देते ती आपली उन्हाळ्याची सुट्टी. श्रीलंकेत सर्वाधिक पर्यटक भारतातून जातात, २०१८ मध्ये ते सव्वाचार लाखांच्या आसपास होते. तेव्हा ‘एप्रिलच्या तुलनेत मे महिन्यात पर्यटक घटले’ ही बातमीच नव्हे. मेची तुलना गेल्या मेशीच करायला हवी.

टक्केवारीचा चकवा

२१ एप्रिल २०१९ ला, ईस्टरच्या रविवारी, चर्च आणि हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले. अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या वर्षी पर्यटक १९ लाखांवर आले. सावरायला सुरुवात होते न होते तोच करोना आला. २०२० मध्ये संख्या ५,०७,७०४ आणि २०२१ मध्ये १,९४,४९५. म्हणजे जवळपास १९८९ च्या पातळीवर. तीन वर्षांत ९२ टक्के घट.

आता गंमत पाहा. ९२ टक्के घटलेली संख्या मूळपदावर यायला ९२ टक्के वाढ पुरत नाही, ती बारापट व्हावी लागते. २०२२ मध्ये पर्यटक ७,१९,९७८ झाले. वाढ तब्बल २७० टक्के! तरीही २०१८ च्या तुलनेत ही संख्या एक-तृतीयांशही नव्हती. पाया खोल गेला की टक्के फुगतात.

२०२४ मध्ये संख्या २०,५३,४६५ वर पोहोचली. २०१८ च्या ८८ टक्के. पण पर्यटनातून मिळालेले परकीय चलन २०१८ मध्ये सुमारे ४३८ कोटी डॉलर होते, ते २०२४ मध्ये सुमारे ३१७ कोटी, म्हणजे ७२ टक्केच. डोकी परतली, पैसा तेवढा परतला नाही. डोकी मोजणे सोपे असते, म्हणून बातमी त्यांचीच होते.

औषधांच्या कपाटापर्यंत

हा सगळा खटाटोप आरोग्य-विज्ञानाच्या सदरात कशासाठी, असे वाचकांना वाटेल. उत्तर २०२२ च्या श्रीलंकेत आहे.

२०२१ मध्ये पर्यटनाची वर्षाची कमाई ४३८ कोटी डॉलरवरून सुमारे ५० कोटींवर आली होती. देश बुडाला तो केवळ यामुळे नव्हे. परदेशी कर्जाचा डोंगर होता, करकपातीने तिजोरी आटली होती, रासायनिक खतांवरच्या बंदीने शेती कोलमडली होती. पण डॉलर आणणारा एक मोठा नळ त्याच वेळी बंद झाला. एप्रिल २०२२ मध्ये सरकारने परदेशी कर्जाची परतफेड थांबवल्याचे जाहीर केले. श्रीलंकेला लागणारी बहुतांश औषधे आयात होतात आणि आयातीला डॉलर लागतात. रुग्णालयांत औषधांचा, शस्त्रक्रियेच्या साहित्याचा तुटवडा पडला. काही ठिकाणी नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. किनाऱ्यावरच्या रिकाम्या खाटा आणि औषधांची रिकामी कपाटे यांत एवढेच अंतर होते.

दुसरा धागा हिवतापाचा. १९६३ मध्ये श्रीलंकेत हिवतापाचे अवघे १७ रुग्ण उरले होते. रोग संपला असे मानून दक्षता ढिली पडली आणि त्याच दशकाच्या अखेरीस लाखोंची साथ उसळली. पुढे अनेक वर्षांच्या चिकाटीनंतर २०१२ मध्ये शेवटचा स्थानिक रुग्ण नोंदवला गेला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश हिवतापमुक्त जाहीर केला. नेमक्या याच चार वर्षांत पर्यटक दहा लाखांवरून वीस लाखांवर गेले. डास अजून आहेतच. बाहेरून रोग घेऊन येणारा पर्यटक असो वा परदेशातून परतलेला स्थानिक, प्रत्येक रुग्ण वेळीच हेरावा लागतो. पाहुणे वाढले की हे कामही वाढते आणि त्यासाठी लागणारा पैसा पाहुणे कमी झाले तरी काढून ठेवावाच लागतो.

लांब रेघ वाचायची ती यासाठी. चढणीची वर्षे म्हणजे कायमचे उत्पन्न असे समजून घेतलेले कर्ज आघाताच्या वर्षी गळ्याशी येते. चढण वाकणारच, आघात कधीतरी येणारच, फक्त तारीख माहीत नाही, असे धरून चालणारा देश चांगल्या वर्षांत गंगाजळी साठवतो, पाहुणे चार-सहा देशांतून येतील असे पाहतो आणि औषधांची तरतूद पर्यटनाच्या भरवशावर सोडत नाही.

पुढच्या वेळी पर्यटकवाढीची बातमी वाचाल, मग ती श्रीलंकेची असो, गोव्याची असो की आणखी कुठली, तेव्हा तीन प्रश्न विचारून पाहा. तुलना कोणत्या वर्षाशी केली आहे? मोजले आहे नेमके काय? आणि हा आकडा चढताना आलेला आहे की उतरताना? खाटेच्या पायथ्याशी उभे राहून डॉक्टरही हेच विचारत असतात.